गाडीचा चातुर्मास

जुना ट्रक घरच्या घरी चारचाकी करतोय, असे रत्नागिरीत कोणी सांगितले तर ऐकणारा आधी खाली वाकून चाके मोजतो. त्यात त्याची चूक नाही. मराठीत चारचाकी म्हणजे दुचाकी नव्हे आणि रिक्षाही नव्हे अशी कोणतीही गाडी. जिच्याखाली पहिल्या दिवसापासून चार चाके आहेत ती आता नव्याने चारचाकी करायची म्हणजे काय, हे समजावताना सांगणाऱ्याची दमछाक होते. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो, पुढची दोन नुसती वळायला आणि ओझे पेलायला असतात, तर तो जोर पुढेही न्यायचा, एवढीच गोष्ट. ऐकणारा मान डोलावतो आणि मागच्या बाजूला बोट दाखवतो. तिथे जोडटायर आहेत, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. म्हणजे जोर चार टायरांना आधीपासून मिळतोच आहे! कारखान्याच्या हिशेबात टायरची जोडी एकच चाक धरतात, त्यामुळे सहा टायरचा ट्रक कागदावर ‘फोर बाय टू’ ठरतो. सहाला चार म्हणायचे आणि चाराला दोन, हे ज्याला पहिल्या झटक्यात पटले तो नक्की बाहेरगावचा. मेस्त्री लोकांनी हा घोळ वेळीच ओळखून मराठीचा नाद सोडला आणि सरळ ‘फोर बाय फोर’ म्हणायला लागले. आपणही तसेच म्हणू. आणखी एक खुलासा लगेच करून टाकतो. सहा टायरच्या मोठ्या धुडाला घरी सहसा कोणी हात घालत नाही. ज्या गाडीवर हा प्रयोग होतो ती जीपच्या घराण्यातली, पाट्यांवर बसलेली, मागे हौदा असलेली जुनी गाडी. आपल्याकडे तिला ट्रक म्हणायला कोणाची हरकत नसते. जी आंब्याच्या पेट्या नेते ती ट्रक.

या उद्योगाविषयी माझे म्हणणे असे की, ज्या महिन्यांत रत्नागिरीत फोर बाय फोरची गरज पडावी त्या महिन्यांत ट्रक उभा असतो, आणि ज्या महिन्यांत ट्रक धावतो त्या महिन्यांत गरज पडत नाही. हे तिरकसपणे बोलत नाही, पंचांग बघून बोलतो. हापूसचा खरा हंगाम मार्च ते मे. पेटी बागेतून निघते, रात्रीतून वाशीच्या बाजाराकडे जाते, आणि या तीन महिन्यांत बागेतली पायवाटसुद्धा इतकी वाळलेली असते की तिच्यावर पापड घालावेत. चिरेखाणींचे तेच. जांभा कापायचा तो उघडिपीत. पाऊस लागला की खाणीचे तळे होते आणि त्यात गाडी नेण्यापेक्षा म्हैस नेणे शहाणपणाचे. मिरकरवाड्याला मासे भरायला जावे तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद. उरला पावसाळा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात पडून घेतो. सड्यावर शेवाळ धरते, बागेतली लाल माती लोण्यासारखी होते, उतारावर उभ्या माणसाचा पाय नुसत्या विचाराने सरकतो. जगात फोर बाय फोर कशासाठी काढले, असे कोणी विचारले तर त्याला जुलैतली रत्नागिरी दाखवावी. पण त्याच जुलैत आपला ट्रक अंगणात बांबूंवर ताणलेल्या ताडपत्रीखाली स्वस्थ असतो, कारण त्याला नेण्यासारखे काही नसते.

आता इथे कारण आणि परिणाम यांची जागा बदलते आणि तेच मला या प्रकरणात सगळ्यात मौजेचे वाटते. लोकांचा समज असा की पाऊस आहे म्हणून गाडीला चारही चाकांचा जोर हवा. खरे असे की पाऊस आहे म्हणून गाडी उघडायला सवड आहे. पावसाळ्यात ट्रक रिकामा, मेस्त्री रिकामा, मालक लावणी आटोपल्यावर रिकामा, आणि शेजारी तर बारमाही रिकामे. चौघांना एका ताडपत्रीखाली बसवील असे दुसरे निमित्त कोणते? देवशयनी एकादशीला विष्णू झोपतात ते कार्तिकी एकादशीला उठतात. तेवढ्या चार महिन्यांत माणसे कांदा सोडतात, वांगे सोडतात, आणि गाडी पुढचा ॲक्सल सोडते. बैलगाडीच्या काळात आपण त्या दांडीला आस म्हणायचो. ॲक्सल म्हणायला लागल्यापासून त्या शब्दातली आशा गेली. ती सध्या फक्त मालकाच्या डोळ्यांत सापडते. तर या चार महिन्यांना मी गाडीचा चातुर्मास म्हणतो. व्रत पाळताना त्याचा उपयोग काय, असे विचारायचे नसते, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

काम नेमके काय असते ते थोडे जवळून पाहायला हवे, कारण विनोद तिथेच आहे. कागदावर चार गोष्टी दिसतात. गिअरबॉक्सच्या मागे एक ट्रान्स्फर केस बसवायची, तिच्यातून एक शाफ्ट मागे आणि दुसरा पुढे न्यायचा, आणि पुढे मुकाट दांडीच्या जागी आतून पोकळ, पोटात डिफरन्शियल असलेला जिवंत ॲक्सल आणायचा. चौथी गोष्ट म्हणजे केबिनच्या तळाला भोक पाडून वर काढायचा दांडा. प्रत्यक्षात एकेका गोष्टीच्या पोटात दहा गोष्टी निघतात. ट्रान्स्फर केसने जागा खाल्ली की मागचा शाफ्ट लांब पडतो, म्हणजे तो कापून, जोडून, समतोल करून घ्यायचा. पुढच्या ॲक्सलचे गोळा झालेले पोट इंजिनाच्या तेलाच्या टाकीला खालून ढुशी देते, म्हणून पाटे उंच करायचे. पाटे उंच झाले की स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो आणि खड्डा आला की गाडी आपले आपण वळण घेते. नाक वर गेले की दिवे रस्ता सोडून आंब्याच्या मोहोराची पाहणी करतात. केबिनच्या तळाला पाडलेल्या भोकातून पहिल्या आठवड्यात पाणी येते, दुसऱ्या आठवड्यात बेडूक. आणि हे सगळे तडीला गेले तरी खरी परीक्षा बाकीच असते, ती दात मोजण्याची.

पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले क्राउन-पिनियनचे गुणोत्तर एकच असले पाहिजे. भंगारातून आणलेल्या ॲक्सलवर ते लिहिलेले नसते, लिहिले असलेच तर गंजाने वाचलेले असते. म्हणून खडू. एक चाक जॅकवर उचलायचे, दुसरे जमिनीवर टेकलेले ठेवायचे, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकावर एक खूण आणि शाफ्टवर एक खूण. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवायचे आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजायचे. दोन फेरे का, तर दुसरे चाक अडलेले असताना डिफरन्शियल अर्धीच चाल पुढे देते. मालक चाक फिरवतो, मेस्त्री शाफ्टवर डोळा ठेवतो, आणि पाहायला आलेला तिसरा, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, तो मोठ्याने मोजतो. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि थोडे. या ‘थोडे’वर रत्नागिरीतले अर्धे दुपारचे चहा संपले असतील. जुन्या विलीज घराण्यात दोन जोड्या प्रसिद्ध आहेत: एकीत ४३ दातांना ८, म्हणजे ५.३८, दुसरीत ३९ दातांना ८, म्हणजे ४.८८. पहिलीत शाफ्ट पाच फेऱ्यांच्या थोडा पुढे जातो, दुसरीत पाचाला थोडा कमी पडतो. मोजणारा दोन्ही वेळा म्हणतो, ‘पाच धरा.’

दोन्हीकडे पाच धरून ॲक्सल बसवले की काय होते ते साध्या गुणाकाराने कळते. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल तर पुढची चाके सुमारे दहा टक्के जास्त फिरू पाहतात. मागची शंभर मीटर जातात तेवढ्यात पुढच्यांना एकशेदहा मीटर जायचे असते. जू एक, बैल दोन, आणि पुढचा बैल दर शंभर पावलांना दहा पावले आगाऊ. चिखलात हे खपून जाते, कारण चिखल मोठ्या मनाचा असतो. चाक घसरून आपली फट भरून काढते. कातळावर आणि डांबरावर रस्ता ऐकत नाही, तेव्हा ही दहा पावले शाफ्टचा क्रॉस, नाहीतर गिअरचा दात भरून देतो. गुणोत्तरे नीट जुळलेली असली तरी वळणावर हीच भानगड थोड्या प्रमाणात उभी राहते. वळताना पुढच्या चाकांचा घेर मोठा, मागच्यांचा लहान, आणि साध्या ट्रान्स्फर केसने दोन्ही शाफ्ट एकाच फेऱ्याला बांधलेले. म्हणून कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून चालवू नये हा जगभरचा नियम. आंबा घाटातली वळणे आठवा, किंवा कुंभार्लीची. ट्रकचा उन्हाळ्यातला सगळा रोजगार ज्या रस्त्यांवर आहे, नेमक्या त्याच रस्त्यांवर तो नवा दांडा हात न लावता ठेवायचा आहे.

यावर पहिली हरकत अशी येते की हे घरगुती अर्धवटपण झाले, नीट केले तर नीट होते. हे मला पूर्ण मान्य आहे आणि इतिहासालाही मान्य आहे. चारही चाकांना जोर देण्याची कल्पना मोठ्या कारखान्यांइतकीच छोट्या गावांत वाढली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल नावाच्या लहानशा गावात १९०८ च्या सुमारास ऑटो झाको आणि विल्यम बेसरडिख या मेव्हणा-मेव्हण्यांनी आपल्या दुकानात चारही चाकांच्या जोराची मोटार उभी केली, आणि त्यातून पुढे एफडब्ल्यूडी ही ट्रकची कंपनी निघाली. मेव्हण्यांनी एकत्र धंदा काढला आणि त्यातून कोर्टकज्जाऐवजी ट्रक निघाले, हे कोकणी वाचकाला मोटारीपेक्षा मोठे आश्चर्य वाटेल. पुढे १९५० च्या दशकात मिनीॲपोलिसची नॅपको कंपनी साध्या ट्रकला फोर बाय फोर करणारा तयार संच विकत होती. शेवरोलेने १९५७ पासून तो आपल्या कारखान्यातच बसवायला घेतला. काही तासांचे काम, अशी त्याची ख्याती होती. संच म्हणजे मोजलेले, जुळवलेले, खोक्यात भरलेले भाग. आपल्याकडचा संच म्हणजे एक ॲक्सल ओळखीच्या भंगारातून, ट्रान्स्फर केस लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेली, आणि शाफ्ट ‘बघू, काहीतरी करू’ या नावाचा. काही तासांचा चातुर्मास होतो तो इथे. त्यात अडाणीपणाचा भाग थोडा आणि खोक्याच्या अभावाचा मोठा.

शिवाय आपल्या जीपची कथा उलट्या दिशेने गेलेली आहे, हेही या लोकांच्या बाजूने सांगायला हवे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलीजच्या जीपा मुंबईत माझगावला जोडायला घेतल्या, त्या चारही चाकांच्या जोराच्याच. युद्धातून आलेले वाण ते. पण देशाला सीट भरून माणसे न्यायची होती. चिखलातून तोफ ओढायची नव्हती. म्हणून त्याच घराण्यातल्या कमांडर, मेजर अशा पुढच्या भावंडांत मागच्या चाकांवर भागवलेल्या गाड्या पुष्कळ निघाल्या. पुढचा जोर काढला की किंमत उतरते, वजन उतरते, डिझेल कमी लागते. तेव्हा अंगणात ताडपत्रीखाली जे चालले आहे त्याला ‘बदल’ म्हणण्यापेक्षा वाटणीत गेलेली वस्तू परत मागणे म्हणावे. हा व्यवहार कोकणाला नवा नाही. आजोबांच्या नावावर होते ते नातवाच्या सातबाऱ्यावर पुन्हा चढवायचे, एवढेच. वेळही साधारण तेवढाच लागतो.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. ट्रक उभा असतो म्हणता, पण पावसात एखादा अडला तर? हौद्यात दोन पोती भात घेऊन बागेच्या चढावर गाडी रुतली तर? रुतते, नक्की रुतते. पण का रुतते ते आधी पाहू. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की दोन चाकांपैकी ज्याला विरोध कमी त्याला फिरू द्यायचे. एक चाक चिखलात आणि एक खडकावर असेल तर चिखलातले पंख्यासारखे फिरते आणि खडकावरचे मुनीसारखे बसते. म्हणजे ज्या गाडीला आपण दोन चाकांची म्हणतो ती अडचणीच्या क्षणी एका चाकाची असते. तिला फोर बाय फोर केली, पण दोन्ही डिफरन्शियल साधीच ठेवली, तर ती त्याच क्षणी दोन चाकांची होते, एक पुढचे आणि एक मागचे. चार महिने, दोन मेस्त्री, एक भंगारवाला आणि असंख्य चहा खर्चून माणूस एकावरून दोनावर येतो. दोनावरून चारावर आलो असे तो जे सांगतो ते हिशेब चुकल्यामुळे नव्हे, आनंदात.

आणि एकावरून पुढे जायला याहून स्वस्त वाटा अंगणातच पडलेल्या असतात. रिकाम्या पिकअपची मागची चाके हलकी असतात, म्हणून घसरतात. मागे हौद्यात, नेमके ॲक्सलवर, दहाबारा चिरे रचले तर तीच चाके जमीन धरतात. चिरा ही रत्नागिरीत अशी वस्तू आहे की ती नाही असे घर नाही, आणि घर नाही तिथे ती कुंपण आहे. टायरमधली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि चिखलावर जास्त जागा धरतो. फक्त डांबरावर येण्याआधी ती परत भरायची आठवण पाहिजे. मागे चांगल्या खोल नक्षीचे टायर, चाकाखाली एखादी फळी, आणि चढावर दोन टोपल्या बारीक खडी. ही सगळी सामग्री एका दुपारची. यातले काहीही करताना कोणी जमत नाही, कोणी फोटो काढत नाही, आणि ‘मी हौद्यात चिरे टाकले’ ही गोष्ट गावच्या मंदिरात दोनदा सांगता येत नाही. चिऱ्यांचा हा दोष मी मान्य करतो.

महामार्गाचे नाव घेणारेही भेटतात. मुंबई-गोवा रस्त्याचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. रस्ता चौपदरी होईपर्यंत गाडी चारचाकी केलेली बरी, असा त्यांचा टोमणा. टोमणा म्हणून उत्तम आहे, अभियांत्रिकी म्हणून नाही. खड्ड्यावर उपाय पाटे आणि टायर हा. चाकाला जोर कुठून मिळतो याच्याशी खड्ड्याला देणेघेणे नसते. खड्ड्यात गेलेल्या गाडीला चारही चाकांनी जोर दिला तर ती जोरात पुढच्या खड्ड्यात जाते. थांबायच्या बाबतीत तर फोर बाय फोरचा काडीचा उपयोग नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना आधीपासून असतात. परशुराम घाटात दरड आलेली दिसली तर निघायला किती चाकांचा जोर होता हे कोणी विचारत नाही, थांबायला किती अंतर मिळाले हे विचारतात. आणि उंच केलेल्या, जड झालेल्या गाडीला ते अंतर जास्तच लागते. पुराचे तसेच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली तेव्हा गाड्या कोणत्या चाकांच्या होत्या याचा पाण्याने भेद केला नाही. त्या दिवशी माणसे बाहेर काढली ती होड्यांनी. ज्यांना अडल्यानडल्या दिवसासाठी ही गाडी हवी आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी त्या दिवसाची तयारी म्हणून होडी, निदान चांगला दोर, आधी घ्यावा.

तिसरी हरकत मात्र मला अवघड जाते. ती म्हणते, उपयोगाच्या तराजूत तोलून तुम्ही हातातल्या कसबाचा अपमान करता. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या वस्तूंतून छोटी जीप बनवली, मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळाली. कौतुक करतानाच महिंद्रांनी असेही म्हटले होते की नियमांत बसत नसल्यामुळे ही गाडी रस्त्यावर फिरण्यापासून कधी ना कधी अडवली जाईल. माझ्या लेखाचा सगळा पेच या एका देवघेवीत आहे. कसब अस्सल, गाडी चालती, कौतुक खरे, आणि तरी ती रस्त्याऐवजी प्रदर्शनात जाते. लोहारांच्या जीपला मी नावे ठेवणार नाही. तिच्यामागे मुलासाठी गाडी हवी एवढा सरळ हेतू होता आणि तो पुरा झाला. ट्रकच्या फोर बाय फोरवाल्यांनी आपला हेतूही तेवढाच सरळ सांगावा, एवढीच माझी मागणी आहे. ‘शेतीसाठी लागते’ म्हणू नये. ‘पावसाळा जात नाही’ म्हणावे.

कायद्याला मात्र हेतूत रस नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ सांगते की नोंदणीच्या कागदावर जे आहे ते उत्पादकाने मुळात ठरवलेल्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे आणखी ठाशीवपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. बदल मोजायचे कसे हा प्रश्न मला छळतो. पुढचा ॲक्सल एक, ट्रान्स्फर केस दोन, उंच केलेले पाटे तीन. केबिनच्या भोकातला बेडूक मोजायचा का? अंगणात ज्याने शाफ्टचे फेरे मोजले त्याला इथे बोलावू नये. सरकारही प्रत्येकामागे पाचच धरते, पण हजारात. तेव्हा एमएच-०८ ची पाटी लावून रस्त्यावर उतरण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून लेखी घ्यावे, विमा कंपनीलाही कळवावे. नाहीतर गाडी स्वतःच्या बागेतच फिरवावी. तिथे चिखलही आहे आणि इन्स्पेक्टरही नाही. फक्त, वर सांगितल्याप्रमाणे, चिखलाच्या दिवसांत तिथे तिला काम नाही.

या कामाची मुदत गणपती ही असते. कोणी ठरवत नाही, ती ठरलेलीच असते, कारण चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी येणार आणि त्यांना दाखवल्याशिवाय गाडी झाली असे म्हणता येत नाही. प्रत्यक्षात चतुर्थीला ट्रक ठोकळ्यांवर असतो, पुढची चाके पडवीत टेकवलेली असतात, आणि मूर्ती शेजारच्या साध्या, मागच्या चाकांच्या टेंपोतून येते. मुंबईकर ताडपत्री उचलून आत डोकावतात, ‘मग चारचाकी झाली का?’ विचारतात, आणि पुन्हा चाके मोजण्यापासून सुरुवात होते. दसऱ्याला गाडी खाली उतरते. झेंडूचा हार नव्या दांड्याला आधी, स्टिअरिंगला नंतर. ऑक्टोबरचे ऊन एव्हाना असे तापलेले असते की बागेत ओल औषधाला सापडत नाही. मग एक कोपरा निवडून पंपाने पाणी सोडतात, माती भिजू देतात, आणि त्या हाताने केलेल्या चिखलात गाडी घालून बाहेर काढतात. निघते. टाळ्या पडतात, एक नारळ फुटतो, आणि वाफ्यात तेवढी लाल चाकोरी उरते.

मार्चमध्ये पेट्यांची भाडी सुरू झाली की हिशेब बोलायला लागतो. पुढचा ॲक्सल उगाच फिरतो, डिझेल खातो, चौथ्या गिअरमध्ये गुणगुणतो. मेस्त्री सुचवतो की पुढचा शाफ्ट तेवढा सोडून ठेवा, आठ बोल्टांचे काम, पावसात पुन्हा लावू. शाफ्ट निघतो, ग्रीस पुसून गोणपाटात गुंडाळला जातो आणि माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी जातो. दांडा मात्र केबिनमध्ये जागच्या जागी राहतो, कारण तो काढला तर भोक उघडे पडेल. एप्रिलच्या दुपारी बागेत पेट्या भरत असतात तेव्हा ड्रायव्हरचा घामाने भिजलेला पंचा त्याच्यावर वाळत असतो.